धमक्यांची दुरुस्ती

सोमवार, ४ मार्च

हे बघ, तू मला शिकवू नकोस. कोरं पान आहेस, कोऱ्या पानासारखं वाग. दोन कार्डं आणि बँकेचं एक कर्ज — एवढ्यानं कुणी बुडत नाही. पाणी नाकापर्यंत आलंय, मान्य. नाक वर आहे ना?

ताई म्हणते, कर्ज-सल्लागाराकडे जा. ती म्हणणारच. बँकेच्या कर्जाला जामीन तीच आहे. घरातच मशीन टाकून शर्ट शिवते आणि कोपऱ्यावरचा गाळा घ्यायला पैसे साठवते. "माझा गाळा तुझ्या नाकावर टांगलाय," म्हणाली.

मंगळवार, ५ मार्च

बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन. रोज येतो. आवाजावरून मी त्याचं नाव घोगरा ठेवलंय. आज त्यानं कागदावरचं वाचून दाखवलं — विहित मुदतीत रक्कम न भरल्यास कठोर कारवाई करण्यात येईल.

"कोण करणार?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"कारवाई. तुम्ही? तुमचे साहेब? वाक्यात माणूसच नाही. भ्यायचं कुणाला?"

कागद उलटल्याचा आवाज. मग, "मॅडम, तुम्ही करता काय?"

"लिहिते."

"मग द्या की नीट करून."

दिलं. माझं काय जातंय.

शनिवार, ९ मार्च

घोगरा खूश. "कालच्या दिवसात चौघांनी भरले, मॅडम. एक तर रडला."

माझ्या कादंबरीची पहिली वीस पानं वाचून प्रकाशक जांभई देत "बघू" म्हणाला होता. इथे दोन ओळींत माणूस रडला.

बुधवार, १३ मार्च

गेले एकदाची. सल्लागारबाईंच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर मोठी कात्री. कार्डं कापायची.

त्यांनी नीट सांगितलं. पगार मुळातच नसेल तर त्यांचा काही उपयोग नाही. थोडी काटकसर करून भागत असेल तर गरज नाही. पण पगार येतो, हप्ते झेपत नाहीत आणि एकाचं फेडायला दुसऱ्याकडून उचललं जातंय, अशांसाठी त्या आहेत. सगळ्या कर्ज देणाऱ्यांशी त्या बोलणार, व्याज उतरवून मागणार, मी महिन्याला एकच हप्ता भरायचा. नवं कर्ज बंद.

मी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहिते. पगार येतो. थांबत नाही.

"मग तुम्ही यात अगदी फिट बसता," त्या म्हणाल्या.

"आणि फोन?"

"ते आमच्याकडे वळतील. तुम्हाला कुणी त्रास देणार नाही." हे ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे. मी कात्री त्यांच्याकडे सरकवली.

"विचार करून सांगते."

"यात विचार कसला?"

कसं सांगू, बाई? तो माझा एकुलता एक वाचक आहे.

गुरुवार, १४ मार्च

सही केली नाही. ताईला सांगितलं, बाई रजेवर आहेत.

रविवार, १७ मार्च

घोगऱ्याची नवी मागणी. "जामीनदार घाबरत नाहीत हो, उलट आमच्यावरच चढतात. त्यांच्यासाठी जरा मऊ काहीतरी बघा ना."

दुपारभर बसले. जेवणही विसरले. खर्ड्यांवर खर्डे, आणि शेवटी जमलं —

'तुमच्या माणसाला आम्ही वाईट म्हणत नाही. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात. तो खरा होता की नाही, एवढंच आता ठरायचं आहे.'

त्यानं पुन्हा वाचायला लावलं. "काटा आला, मॅडम. उद्याच सगळ्यांना पाठवतो."

किती दिवसांनी शांत झोप लागणार आहे.

बुधवार, २० मार्च

ताईचा फोन. मागे मशीनचा आवाज नाही.

"बँकेचे भरले गं मी. सगळे."

"अगं, कशाला?"

"मेसेज आला. वाचला आणि पुढे शिवताच येईना. गाळ्याचे होते ते दिले."

मी खर्ड्यांचे कागद उलटे केले.

"एक विचारू? इतकं गोड बोलून काळजाला हात घालणारं आपल्या घरात एकच आहे. तूच लिहिलंस ना ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "आईला नको दाखवूस."

गुरुवार, २१ मार्च

सही केली. कार्डं माझ्याच हातानं कापली. विचारलं, बहिणीचे पैसे यात धरता येतील का?

"नाही. घरच्यांशी आम्ही बोलणी करत नाही."

बरोबर आहे. ते व्याज कोण उतरवून देणार?

शुक्रवार, २२ मार्च

ताईचा निरोप — "ऑफिसच्या आधी येत जा. काजं-बटणं कर. दर शर्टामागे तुझ्या देण्यातून पैसे वळते करीन." फोन वाजतोय. घोगरा. नवं वाक्य हवं असणार. वाजू दे. कोऱ्या पाना, तूही थांब, आत्ता नाही — ताईकडे सातला पोचायचंय.