भुऱ्याने दाराच्या आत झोपावे याबद्दल

मी, सोपानराव कोंडिबा म्हस्के, वय एकाहत्तर, एस.टी.तून निवृत्त मेकॅनिक, राहणार इनामगाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोट कामातून गेले आहे, डोके नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालू शकेल अशी एकच बाई होती, माझी पत्नी रतनबाई. ती गेल्या वर्षी गेली.

१. नदीकडेची उसाची जमीन वडिलार्जित आहे, ती मुलगा इंद्रजीत याची. माझी पाना-पकडींची पेटीही त्यालाच. गंज चढू देऊ नये, एवढे तरी करावे.

२. राहते घर मी फंडाच्या पैशातून बांधले, ते स्वकष्टार्जित आहे. ते शेजारीण शेवंताबाई हिला तहहयात राहण्यास देत आहे. तिच्यासोबत आमचा कुत्रा भुऱ्या राहील आणि रात्री दाराच्या आत झोपेल. ती म्हणाली होती, "भाऊ, मला घर नगं. कुत्रं तेवढं द्या." पण तिच्या खोपीला दाराच्या जागी पोते आहे. बिबट्याला पोत्याचे काय भय? भुऱ्या मेला तरी तिने घर सोडायचे नाही, नाहीतर तो कधी मरतोय याची वाट बघणारे निघतील. तिच्या पश्चात घर इंद्रजीतचे.

३. आमचा आधीचा कुत्रा ओट्यावर बांधलेला असताना बिबट्याने नेला. सकाळी नुसती साखळी उरली. त्यावर रतनबाईने हे पिल्लू आणले ते थेट घरात. मी ओरडलो, घरात घाण होईल. ती म्हणाली, "माणसं शिकत्यात, मग ह्यो का न्हाई शिकणार?" आणि शिकवले तिने. खाणे झाले की लिंबाखाली न्यायची. तिथे उरकले की भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. घरात चुकला तर मारायची नाही, उचलून लिंबाखाली. स्वयंपाकघरात पाऊल टाकले की नुसते "अंहं". पाहुणा आला की गोणपाटावर बसून राहायचे. त्याच्यावर तिने कधी हात उगारला नाही. चपला घालून आत आलो म्हणून मला मात्र जन्मभर बोलणी बसली.

४. तिच्या दहाव्याला घोड नदीवर पिंडाला कावळा शिवेना. चुलतभाऊ हौसराव म्हणाला, "वहिनी, सोपानरावाकडं आमी बघू." कावळा हलेना. मग इंद्रजीतने हात जोडले. "आई, भुऱ्याला कवाच बाहेर बांधणार न्हाई." कावळा लगेच आला. सगळे रडले, मीही रडलो.

पुढच्याच सुट्टीला तो शिक्रापूरहून बायको-पोराला घेऊन आला आणि अंधार पडताच भुऱ्याला ओट्यावर बांधले. मला म्हणाला, "दादा, बिबट्याला दारात कुत्रं मिळालं तर त्यो स्वराजकडं बघणार न्हाई." गावात याला शहाणपण म्हणतात. पोराची काळजी मला कळते, नातू माझाही आहे. पण दार लावून घेतले की नातूही आत आणि कुत्राही आत, एवढे त्याला सुचेना. अरे, आईच्या पिंडापुढे दिलेला शब्द होता! मी उठून साखळी सोडली. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो. मला त्याचे फार वाईट वाटते.

५. माझ्या दहाव्याला कोणी काहीही कबूल करू नये. कावळा नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववावा आणि घरी जेवायला जावे.

६. तोंडी सांगून भागले नसते का, असे कोणी विचारील. शिरूरला डॉक्टरकडे नेताना ओढाताण नको म्हणून रतनबाईने भुऱ्याला साखळीचीही शिस्त लावली होती. मी हल्ली रोज ती मोडायला बसतो. साखळी दाखवतो आणि म्हणतो, पळ लेका, गुरगुर कर, चाव मला. तुकडाही दाखवतो. उपयोग नाही. साखळी घेऊन कोणीही पुढे आले की तो जवळ येतो, शांत बसतो आणि मान पुढे करतो.

सोपानराव कोंडिबा म्हस्के (सही)

हा कागद सोपानरावांनी आम्हाला वाचून दाखवला व आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
हौसराव बाबूराव म्हस्के (सही)
सत्यजीत हरिभाऊ घाडगे (सही)

ठिकाण: इनामगाव
दिनांक: १४ डिसेंबर २०२५