नवं पाणी

शनिवार, काउआई बेट.
निखिल जेवण आणायला खाली गेलाय, तेवढ्यात लिहून टाकते.

आज त्या जुन्या पाटाच्या कडेने चाललो. उसाच्या मळ्यांसाठी डोंगर फोडून आणलेलं पाणी. मळे कधीच गेले, पाट वाहतोच आहे. सुंदर आहे, पण माझं लक्ष कुठे होतं? निखिलने पाण्याला हात लावला नाही.

लग्न झाल्यापासून बघतेय, कुठलंही पाणी पहिल्यांदा दिसलं की हा वाकणार, बोटं बुडवणार आणि डोळे मिटून कपाळाला लावणार. सासूबाईंनी लावलेली सवय. चँडलर गावात घर घेतलं तेव्हा मागच्या कालव्यालासुद्धा केलं, शेजारी बघत राहिले. आणि आज नाही?

पुढे वाट फुटली तिथे फोन न काढता सरळ डावीकडे वळला. "बोगद्यापाशी चिखल असतो, सांभाळ," म्हणाला. असतो? हवाईला तर आम्ही दोघंही पहिल्यांदाच आलोय. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाला एकटा गेला होता तो सिएटलला. म्हणजे, असं तोच म्हणाला होता.

उगाच संशय घेतेय का मी? वाचलं असेल कुठेतरी.

बोगद्यापाशी खरंच चिखल होता.

परतताना विचारलंच, "पाण्याला नमस्कार नाही केलास?"

"अगं हो, विसरलोच यार," म्हणत घाईघाईने वाकला, बोटं बुडवली, कपाळाला लावली.

डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत होता.