गेममधे मिश्री नव्हती

माय, सकाळपासून एका जागी बसवत नाही. तुझी नात मोबाइलवर दात घासायचा खेळ खेळत होती. एक मगर तोंड वासून बसते आणि ही बोटानं तिचे दात घासते. मी उगाच खेकसले, मोबाइल हिसकावला, ती रडत आत गेली. मग मी घासलेलीच भांडी पुन्हा घासली. तरी जीव थाऱ्यावर येईना, तेव्हा कागद घेतला. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही.

चिखलीच्या आमच्या शाळेत कम्प्युटर आले ते वर्ष आठव. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं म्हटल्यावर तू विचारलं होतंस, तिथं देव बसवला का म्हणून. एका माउसवर आम्ही चार पोरी. सरांनी कुठून तरी दातांच्या गेमची सीडी आणली होती. पडद्यावर मोठं तोंड, वरून केक, चॉकलेट, आइस्क्रीम पडायचं, हिरवे किडे दातांवर चढायचे आणि आपण ब्रशनं त्यांना हाणायचं. सगळं इंग्रजीत. केक आमच्यातल्या कुणी खाल्ला होता? आपल्याकडे रोजचं गोड म्हणजे चहातला गूळ. मी घरी येऊन गुळाचा डबा लपवला, बाबांना फिका चहा पाजला, आणि तू हसून हसून बेजार झालीस.

तेव्हा तू चुलीवर तंबाखू भाजत होतीस. मिश्री करायच्या दिवशी घरभर ठसका उठायचा. बाबा कधीचे मागे लागले होते, सोड म्हणून, आणि तू सोडायच्या बेतातही होतीस. दोन दिवस नुसत्या मिठानं दात घासून डोकं धरून बसली होतीस. तवा उतरवता उतरवता तू विचारलंस, "अन् तुहा कम्प्युटर मिश्रीचं काय दाखोते वं?" मी म्हटलं, काहीच दाखवत नाही, किडे गोडानं होतात, मिश्री चालते. झालं! नळावर, दळणाला, जिथं जाशील तिथं तू सांगत सुटलीस, पोरीनं कम्प्युटरात पाह्यलं. बाबांचं तोंडच बंद झालं. माझ्या शब्दाला घरात पहिल्यांदा वजन आलं होतं, आणि मी काय मिरवले त्या आठवड्यात.

पुढं कितीतरी वर्षांनी अकोल्याचे डॉक्टर तुझ्या गालातला तो पांढरा चट्टा बघून चिडले. तुझं तोंड दोन बोटांएवढंही उघडेना. इतकी वर्षं मिश्री लावता, घरात कुणी सांगितलं नाही का, असं ते विचारत होते आणि मी भिंतीकडे बघत उभी होते. तू गालाला पदर लावून कसंबसं म्हणालीस, "हिनं सांगतलं होतं. म्याच आयकलं नाही."

मला झाकायला तू खोटं बोललीस. लेकराची अजाणतेपणीची चूक, ती चारचौघांत कशाला काढायची, असंच वाटलं असणार तुला. गेलीस तीही तेच मनात धरून. खरं सांगू, मला तुझा रागच येतो. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तरी आज लिहायला हात उचलतोय.

तुला ते सांगितलं, त्याच्या पुढच्याच शनिवारी सरांनी गेम मधेच थांबवला. म्हणाले, ह्यात दाखवलं नाही, पण आपल्याकडे तोंडाचा खरा वैरी मिश्री आहे, घरी जाऊन आयांना सांगा. बऱ्याच पोरींनी माना खाली घातल्या. मी घरी आले तर तू ओसरीवर मावशीपाशी माझंच कौतुक करत होतीस. मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि तुला चिकटून बसले. त्या दिवशी बोलले नाही, नंतरही कधी नाही.

तुला वाटलं, पोरगी चुकली. चुकले नव्हते, माय. मले माहीत होतं.