डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी

जुईली बाळा,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहितेय. पाठवणार नाही.

काल फोनवर बाबा म्हणाले, "पीएचडी झाली की इकडे आखातातच ये. आमच्या मीना अब्दुल्ला रिफायनरीत तुझ्यासाठी शब्द टाकतो."

तू हसलीस. "बाबा, रिफायनरीत फिलॉसॉफर काय करणार?"

"अगं, पीएचडी म्हणजे डॉक्टर ऑफ फिलॉसॉफीच की! आमचे केमिकलवालेही मग फिलॉसॉफरच!"

तुझं हसू थांबलं. "नो, बाबा. रिअल फिलॉसॉफी. आय टोल्ड यू, एअरपोर्टवर."

खरंच सांगितलं होतंस गं, पीएचडीला निघताना. तेव्हाही बाबांनी हाच विनोद केला होता आणि मीही हसले होते. इंजिनिअरिंगनंतर पीएचडी म्हणजे केमिकलचीच, असं आम्ही धरून चाललो. इथे एगैलात, आमच्या वस्तीतल्या प्रत्येक हळदीकुंकवात मी तेच मिरवलं.

तीन वर्षं दर शुक्रवारी "जेवलीस का?" विचारलं; काय वाचतेस, हे एकदाही नाही. आणि काल तू नुसतं "इट्स ओके, आई" म्हणून फोन ठेवलास.

येत्या शुक्रवारी विचारणार आहे. मला कदाचित काहीच कळणार नाही. तरी सांग. फोन ठेवू नकोस.

अजून न सावरलेली,
तुझी आई