मायचा पितळी डबा

बुलढाणा,
१३ जानेवारी २०२५

ती. धम्मशीलाताईस,
धाकट्या प्रसेनजितचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन हाताशी असून कागद काऊन, म्हणून हसशील. आमच्या पुष्पांजली मॅडमनं सांगितलं, भूक नसताना हात खाण्याकडे गेला, की आपल्या माणसाले पत्र लिहाले बसायचं. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खाण्यावर ताबा न राहणारे आम्ही आठजण त्यांच्याजवळ जमतो. तिथं नवस नाही, गंडादोरा नाही, उपास तर मुळीच नाही. वेळेवर, ताटात वाढून, बसून जेवायचं अन् एकमेकांशी खरं बोलायचं.

तर खरं सांगतो. तू पाठवलेले तिळाचे लाडू मी शाळेतून आल्याबरोबर कपाटाआड उभ्याउभ्या संपवले. सगळे. चवही कळली नाही. साखर इतकी वाढली, की असंच चाललं तर डोळे जातील म्हणते डॉक्टर. मास्तर माणूस मी, डोळ्याशिवाय काय करू?

लाडू ज्यात आले, तो मायचा डबा एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवतो. रीत म्हणून मूठभर हरभरे घातले. आता भरून पाठवू नको. राग मानू नको, माया पातळ होऊ देऊ नको.

तुहा,
प्रसेन

साखरखेर्डा,
१९ जानेवारी २०२५

चि. प्रसेनले ताईचे अनेक आशीर्वाद.

पहिले तर रागच आला. भावाले खाऊ पाठवाले आता मॅडमची परवानगी लागते का बे? शेजारणीची वाटीही माय चिमूटभर तिखट घालून परत देत होती. रिकामं भांडं तिनं कोणाच्या दारात नेलं नाही. म्हणून मी हट्टानं डिंकाचे लाडू वळाले बसली.

वळता वळता देऊळघाटचं घर आठवलं. माय लोकाच्या शेतात तण निंदाले जाय. मी नऊची, तू चारचा. तू रडला की मी याच डब्यातला गुळाचा खडा तुह्या तोंडात घालत होती. पडला, गूळ. मार खाल्ला, गूळ. मायले उशीर झाला, गूळ. तू लगेच गप होय अन् मले वाटे, काय हुशार मी. किती गोड दिवस होते ते. पण प्रसेन, मी तुले कधी धड रडूच दिलं नाही. हे लिहिताना मले लई वाईट वाटून राह्यलं.

लाडू गल्लीत वाटले. डबा उद्याच्या गाडीनं येते. उघडाले भिऊ नको. तब्येतीले जप अन् ताईले विसरू नको.

तुही,
धम्मशीला

बुलढाणा,
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस सप्रेम जय भीम.

डबा पोचला, संगं तुहं पत्रही. हलका लागला. झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. मायचा डबा रिकामा पाठवणं तुले किती जड गेलं असेल, मले कळते. नऊ वर्षांच्या पोरीजवळ गुळाशिवाय होतं तरी काय? स्वतःले दोष देऊ नको. हे पत्र डब्यातच ठेवून परत पाठवतो, म्हणजे मायची रीतही मोडणार नाही.

नाक आत घातलं तर अजून गुळाचा वास येते, ताई. माय शेतातून आलेली दिसली, मातीनं भरलेल्या पदराची. तिथंच खाली बसून लेकरासारखा रडलो, पोटभर. मग रडणं आपोआप थांबलं. तोंडात काही नव्हतं.

तुह्या मायेतला,
प्रसेन