वगळलेली बारा पानं

अप्पर हट, मंगळवार, २० नोव्हेंबर २००७

मेधाचा अर्ज समितीनं नाकारला. दोन वर्षं शाळा सांभाळून तिनं शिक्षकांचं वरचं प्रमाणपत्र मिळवलं. त्याच्या जोरावर सरकारचा ‘विशेष शिक्षक’ हा दर्जा मिळणार होता, भत्ता, आणि नव्या शिक्षकांना तयार करायला आठवड्यातला एक दिवस. तो दिवस तिला हवा होता. नकाराचं कारण एका ओळीत: मुलांच्या प्रगतीचा आठवड्यागणिक पुरावा नाही.

संध्याकाळभर मी त्या समितीला शिव्या घातल्या.

वह्या तपासता तपासता मेधा म्हणाली, “अहो, हळू. कोपऱ्यावरच्या डेअरीत ऐकू जातंय.” आणि मग, मान वर न करता, “ती बारा पानं कुठे आहेत?”

माझ्याच खणात. त्याच मुलांच्या त्याच चुका, दर आठवड्याला नोंदलेल्या, हळूहळू कमी होत गेलेल्या. “वाचणारा कंटाळतो,” म्हणून मीच ती अर्जातून काढली होती. तीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या कापून छोट्या केल्याची मिजास! आता शिव्या कुणाला घालू?

बारा पानं तिच्यापुढे ठेवली, माझ्या लाल फुल्यांसकट. तिनं ती शाळेच्या पिशवीत घातली.

“पुढच्या वर्षी पुन्हा भरीन. तुम्ही फक्त पाकिटाला तिकीट लावा.”