लाकडी शोभेचा खांब, एक नग

॥ श्री ॥

मी, श्रीमती वासंती मधुसूदन देवस्थळी, वय सदुसष्ट, निवृत्त व्यायामशिक्षिका, मूळ राहणार ठाणे, सध्या राहणार अल कुसैस, दुबई, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही. ती मंगळवार दिनांक १८ नोव्हेंबर रोजी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. मुलींना मल्लखांबाच्या दोरीवर उलटं लटकवताना हेच वाक्य मी त्यांच्या आयांना वर्षानुवर्षं ऐकवलं आहे, त्यामुळे मला त्याची किंमत माहीत आहे.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. हे शेवटचे ठरेल की नाही, ते झडपेवर अवलंबून आहे.

याचे अरबी आणि इंग्रजी भाषांतर होणार आहे. माझी शेजारीण शहनाझ परकार, मूळची रत्नागिरीची, इथल्या एका वकिलाच्या ऑफिसात काम करते. तिने सांगितलं, "ताई, मुद्द्याचं तेवढं लिहा. बाकी पाल्हाळ भाषांतरवाले कापून टाकतात." कापू देत. मराठीत राहिलं म्हणजे झालं.

कलम १. ठाण्यातील नौपाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी शुभ्रा हिला देत आहे. ती कॅनडात थंडर बे या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. शुभ्रा, तू तो विकणार हे मला माहीत आहे. विक. फक्त देवघराच्या भिंतीवर तुझ्या उंचीच्या रेघा आहेत, त्यांचा आधी फोटो काढ.

कलम २. बँकेतील सर्व शिल्लक शुभ्राचीच. तुझे बाबा गेल्यापासून मी दिरहमचे रुपये करून बघणं सोडलं आहे, म्हणून आकडा लिहीत नाही. बँकेला विचार.

कलम ३. पितळी मोदकपात्र शहनाझला द्यायचं होतं. गणपतीत ती माझ्याकडून एकवीस मोदक मोजून नेते आणि ईदला तेवढाच मोठा डबा भरून पाठवते. पण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, आणि तिनेच मला सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदाराची सही करू नये. सही केली तर त्याला मिळणारी वस्तू गेली. खलास. म्हणून मोदकपात्र मी काल संध्याकाळीच तिच्या हातात दिलं. ते या मृत्युपत्राच्या बाहेर आहे. हा नियम मात्र वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

कलम ४. मल्लखांबाच्या दोन सुती दोऱ्या, सहा गाद्या, राळेचा डबा, शिट्टी आणि आमच्या मल्लखांब मंडळाचं नाव हे सगळं वैभवी सबनीस हिला देत आहे. वैभवी सात वर्षांची असताना आली तेव्हा दोरी बघून रडली होती. आज ती दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि दर शनिवारी सकाळी चौदा मुलींना दोरीवर पद्मासन घालायला लावते. मुली तिला इंग्रजीत उत्तरं देतात. देऊ देत. पाय ताणलेले असले म्हणजे कुठल्याही भाषेत बोललेलं चालतं.

वैभवी, दोरी गरम पाण्यात धुवायची नाही. आणि यल्ला यल्ला करून मुलींना घाई करू नकोस.

कलम ५. आता खांब.

शिसवी मल्लखांब, बोंड, मान आणि अंगासकट अखंड, सध्या अबुधाबीत खलिफा सिटीतील एका व्हिलाच्या मागच्या अंगणात श्री. रामचंद्र केळशीकर यांच्या ताब्यात आहे. तो माझ्या मालकीचा आहे. १९९८ साली तो आमच्या घरसामानाच्या कंटेनरमधून आला आणि बंदरावरच्या कागदात "लाकडी शोभेचा खांब, एक नग" अशी त्याची नोंद आहे. कागद माझ्या नावाचा आहे आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.

खांब सोडवायला रामचंद्र माझ्याबरोबर आला होता. तेव्हा तो एका फर्निचरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. बंदरावरच्या साहेबांनी विचारलं, हे काय आहे? रामचंद्र हिंदीत म्हणाला, "साहब, इस पर लडके चढते हैं." साहेब म्हणाले, चढून काय करतात? रामचंद्रने थोडा विचार केला आणि म्हणाला, "उतरते हैं." साहेबांनी आम्हां दोघांकडे बघितलं आणि शिक्का मारला.

माझ्या शाळेच्या मागच्या आवारात तो रोवायला मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पमधून दोन सुतार आले, सुट्टीच्या शुक्रवारी. त्यांनी मजुरी घेतली नाही. माझ्याकडचं पिठलं-भात जेवले, आणि त्यातला एक, पन्नाशीचा गडी, चपला काढून खांबाला हात लावून नमस्कार करून सरसर वर चढला. तो साताऱ्याकडचा निघाला. तोच आमच्या मंडळाचा पहिला खेळाडू.

रामचंद्र मुलांना खांब शिकवायचा, मी मुलींना दोरी. खांब मुलांचा, दोरी मुलींची, हा नियम त्याने केला आणि मी मान डोलावली. हे इथे लिहिणं भाग आहे, कारण नंतर वर्षानुवर्षं मी तो नियम त्याच्या एकट्याच्या माथी मारला. दुसरा नियम दोघांचा होता: जो शेवटचा चढेल त्याने खांबाला एरंडेल लावून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत ते लाकडात मुरतं. त्याला आम्ही "शेवटचा हात" म्हणत होतो. आणि चढण्याआधी खांबाला हात लावून नमस्कार करायचा. त्यात देवभक्ती होतीच, पण तेवढ्यात हाताला कळतं की आज लाकूड कसं आहे.

रामचंद्र माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. इथे सख्खं कोणी नव्हतं, तर भाऊबीजेला तोच यायचा, बायकोला आणि मुलाला, अथर्वला, घेऊन. ताटाखाली दर वर्षी काहीतरी निरुपयोगी वस्तू ठेवायचा. एकदा उंट छापलेला टेबलक्लॉथ ठेवला होता. तो अजून आहे. तो कोणालाही देत नाही, तो माझ्याबरोबर द्यावा.

कलम ६. हे कलम मालमत्तेचं नाही. शहनाझ म्हणते, मग मृत्युपत्रात कशाला? कारण इथे मला मध्येच कोणी थांबवू शकत नाही.

१ मे २००४, महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम. शुभ्रा बारा वर्षांची होती. त्या पहाटे मी गाद्या घालत होते तेव्हा ती मागच्या आवारात जाऊन खांबावर चढली. तिला खांब करायचा होता, दोरी नाही. ती वरपर्यंत गेली, पायांची आढी घातली, टोकाच्या बोंडावर हात टेकला, उतरली. आणि शेवटची चढणारी तीच, म्हणून नियमाप्रमाणे खांबाला तेल लावून आली. चोरून चढली, पण नियम पाळला. माझीच मुलगी.

संध्याकाळी रामचंद्रचा अथर्व, पंधरा वर्षांचा, आमचा सगळ्यात तयार मुलगा, तीनशे लोकांसमोर खांबावरून घसरला. मनगट मोडलं. शुभ्राने माझा पदर ओढून सगळं कानात सांगितलं. मी म्हटलं, गप्प बस, मी बघते.

रामचंद्रने मला विचारलं, "ताई, सकाळी खांबाला कोणी हात लावला होता का?" मी म्हणाले, "आमच्या मुली खांबाला हात लावत नाहीत, तूच नियम केलायस." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण भीती वाटली की माणूस जास्त बोलतो. चारचौघांत मी पुढे म्हणाले, "मुलाची आढी कच्ची आहे, तेलाला कशाला दोष?"

अथर्वने ते ऐकलं. तो पुन्हा कधी खांबावर चढला नाही. पुढच्या आठवड्यात रामचंद्र पिकअप घेऊन आला आणि खांब उपटून घेऊन गेला. मी शाळेच्या खिडकीतून बघत होते. खाली उतरले नाही. मग एका मंडळाची दोन झाली. माझ्याकडे मुली आणि दोऱ्या, त्याच्याकडे खांब आणि चार-सहा मुलं. दरवर्षी दोन कार्यक्रम, दोन अध्यक्ष, दोन बॅनर, बघायला तीच माणसं. लोक हसायचे की दोन मराठी माणसांना तीन मंडळं लागतात.

मी खोटं बोलले. अथर्वची आढी पक्की होती. हे मी शुद्धीवर असताना, सहीनिशी लिहून देत आहे.

शुभ्राची परवानगी घेतली आहे. मागच्या महिन्यात ऑपरेशनचं सांगायला तिला फोन केला, तर ती तिच्या एका म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट सांगत बसली. फिनलंडहून आलेल्यांचा मुलगा. त्याच्या लहानपणी त्या गावात फिनिश लोकांचे व्यायामाचे क्लब होते, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, स्कीइंग. हॉल होते, नाटकं व्हायची, जेवणावळी उठायच्या. आणि त्यांच्यातही दोन तट. एका हॉलची मुलं दुसऱ्या हॉलच्या मुलांबरोबर स्कीइंगला जायची नाहीत. त्याचा सख्खा काका दुसऱ्या क्लबात होता म्हणून बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं. आता त्याच्याकडे दोन्ही क्लबांचे कप एकाच कपाटात आहेत, कारण दुसरीकडचे ठेवायला कोणी उरलं नाही. शुभ्रा म्हणाली, "आई, दे वेअर जस्ट लाइक यू पीपल." मी म्हटलं, बर्फातली माणसं आमच्यासारखी कशी असतील? तर ती म्हणाली, "आई, टेल हिम. आय वॉज ट्वेल्व्ह. यू वेअर नॉट."

 

कलम ७. माझी १९९८ ते २००४ ची हजेरीवही अथर्व रामचंद्र केळशीकर यास देत आहे. तो आता दुबईतच नोकरी करतो असं ऐकते. मार्च २००४ च्या पानावर माझ्याच अक्षरात शेरा आहे: "अथर्व. आढी पक्की. खाली बघायची सवय गेली." अथर्व, बाळा, तो खरा शेरा. दुसरा खोटा होता. तुझी मी माफी मागते.

कलम ८. खांबाची व्यवस्था.

हे कलम वकिलांना आवडलेलं नाही. शहनाझनेही कपाळाला हात लावला. तरीही असंच राहील.

खांब मी रामचंद्र केळशीकर यांना देत आहे, कागदासकट. तो एकवीस वर्षं त्याने सांभाळला. वैभवी मागे एकदा तिकडे जाऊन चोरून बघून आली. म्हणते, एकही तडा नाही, उन्हाळ्यात त्यावर ओली गोणपाटं बांधतात.

मात्र, मृत्युपत्राच्या सह्या शुक्रवार दिनांक १४ नोव्हेंबर रोजी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी होणार आहेत. पहिली साक्षीदार शहनाझ. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रामचंद्रसाठी मोकळी ठेवत आहे. याची एक प्रत वैभवी खलिफा सिटीला नेऊन त्याच्या हातात देईल.

रामचंद्र, तू आला नाहीस, तर शहनाझचे यजमान सही करतील आणि खांब तुझा. मनात काही ठेवणार नाही. ठेवायचा हक्क मला नाहीच.

तू आलास आणि साक्षीदार म्हणून सही केलीस, तर कलम ३ मधल्या नियमाने तुला काही मिळणार नाही. मग खांब वैभवीकडे जाईल, दोऱ्यांच्या शेजारी रोवला जाईल, आणि त्यावर मुलगेही चढतील आणि मुलीही. त्या चौदा मुलींपैकी नऊ जणी मला दर शनिवारी विचारतात की खांब कधी. मी त्यांना इन्शाल्ला म्हणते आणि शिट्टी वाजवते.

म्हणजे घ्यायचं तर येऊ नकोस, द्यायचं तर ये. बावीस भाऊबीजा गेल्या. चहा होईल.

कलम ९. अंत्यविधी इथेच व्हावा. फार लोकांना रजा काढायला लावू नये. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचे जे अध्यक्ष दोनदा माझं नाव "वसुधाताई" म्हणून पुकारून गेले त्यांना भाषण करू देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभ्राने करावी. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि कलम ६ लिहिताना दोनदा उठून पाणी प्यायले, हेही नमूद करते.

ठिकाण: अल कुसैस, दुबई
लिहिल्याची तारीख: ८ नोव्हेंबर २०२५
सहीची तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) वासंती मधुसूदन देवस्थळी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:

१. (सही) शहनाझ परकार, अल कुसैस, दुबई. मोदकपात्र आधीच मिळालं.

२. (सही) रामचंद्र विनायक केळशीकर, खलिफा सिटी, अबुधाबी.

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर:

ताई, वाचलं. अथर्वलाही वाचायला दिलं, तो खाली गाडीत बसला आहे. त्या संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी मीही खांबाला तेल लावलं होतं. घाईत होतो. आधी हात लावून नमस्कार केला नाही, त्यामुळे सकाळचं तेल हाताला कळलंच नाही, आणि तेलावर तेल झालं. नमस्कार राहिला हे घरी गेल्यावर लक्षात आलं. तुम्ही आढीचं बोललात म्हणून मला बरंच झालं, तुमच्यावर रागावता आलं. शुभ्राला सांगा, तिचा हात बरोबर होता. खांब उद्या सकाळी पिकअपमधून आणतो. शेवटचा हात मारलेला नाही, तो मुलींनी मारावा.